चालत्या घराचा शेतखाना

गेल्या वैशाखात आमच्या दारी एक घर येऊन उभे राहिले. वाचकहो, ही छापखान्याची चूक नव्हे. पुण्याचा आमचा भाचा आईला घेऊन सहकुटुंब बदरीनाथास निघाला होता. ज्या गाडीतून तो निघाला होता तिच्यात ओटा, दोन पलंग, पाण्याची टाकी, पंखा आणि मागील कोपऱ्यात पडद्याआड एक चिमुकला शौचकूप, असा सगळा संसार मांडलेला होता. इंग्रजीत यास मोटरहोम म्हणतात. आम्ही मोटारघर म्हणू. किला गेटच्या गल्लीबोळांतून हे धूड आमच्या दारापर्यंत कसे आणावे, हा पहिला प्रश्न होता. (आम्ही मराठी माणसेही येथे ‘किला गेट’च म्हणतो. कोणी ‘किल्ला दरवाजा’ म्हणू लागला तर तो काल आला असे समजावे.) अखेर ते रस्त्याच्या कडेला लावले, आणि मोहल्ल्यातील पोरे त्याच्याभोवती अशी जमली की जणू किल्ल्यावरून मानसिंगाचा हत्तीच खाली उतरला आहे.

पण आमच्या ताई गाडीतून उतरल्या त्या काही बोलल्याच नाहीत. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. सरळ घरात शिरल्या आणि मोरीकडे गेल्या. मागाहून कळले की गुना सोडल्यापासून त्यांनी पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. बाहेर वैशाखातले ग्वाल्हेरचे ऊन, वय सत्त्याहत्तर, आणि पोटात पाणी नाही! कारण एवढेच की गाडीतील शौचकूप इंदूरपासून गळू लागला होता, आणि ताईंनी त्यात पाऊल टाकण्याचे साफ नाकारले होते.

आमच्या आत्याबाई, वय शहाऐंशी, सोप्यावर बसून हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मी काशीला गेले तेव्हा असंच केलं होतं. ग्वाल्हेरीपासून काशीपर्यंत थेंब नाही.” ही १९७४ सालची गोष्ट. गर्दीने भरलेले डबे, संडासाच्या दारापर्यंत बसलेली माणसे, तेथवर पोहोचणे कठीण आणि पोहोचल्यावर आत उभे राहणे त्याहून कठीण. आत्याबाई काशीस पोहोचल्या आणि दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडल्या. घरात ती कथा आजवर उपासाचा महिमा म्हणून सांगितली जाई. उपास कसला! तहान होती ती. प्रवासात पाणी न पिण्याची ही विद्या आपल्याकडे आईने मुलीस शिकविली, आणि तिच्यापायी किती जणींना मूत्रविकार जडले याची नोंद कोणत्या दप्तरात सापडायची?

असो. ताईंनी संध्याकाळी चहा घेता घेता निर्णय जाहीर केला: शौचकूप बदलला तर बदरीनाथ, नाहीतर येथूनच पुण्याची गाडी. भाच्याचे तोंड उतरले. ही यात्रा त्याने आईसाठीच काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने आम्हांस तो शौचकूप दाखविला. वर प्लॅस्टिकचे कमोड, आणि त्याच्या पोटात कडेने सरकवून बाहेर काढता येईल अशी अठरा-वीस लिटरांची चपटी पेटी. मध्ये सरकते झाकण, आणि त्याच्या कडेला रबराचे कडे. ते रबरच उन्हाने आणि वयाने तडकले होते. गाडी भाच्याने जुनी विकत घेतलेली. पेटीत एक निळे औषध ओतावयाचे असते, म्हणजे दुर्गंधी येत नाही. पेटी भरली की गाडीच्या बाहेरील कप्प्यातून ओढून काढायची आणि कोठेतरी रिकामी करायची.

“कोठेतरी म्हणजे कोठे?” आत्याबाईंनी विचारले.

भाचा म्हणाला, “आत्याआजी, परदेशात त्यासाठी जागा असतात. आपल्याकडे नसतात. आता तुमच्याकडेच ओततो की संडासात.”

येथे आमचे स्नेही मदतीस आले. ते शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असत. त्यांनी चष्मा सरसावून बाटलीवरील बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाले, “हे ओतू नका. यात फॉर्माल्डिहाइड आहे. इस्पितळात प्रेते टिकवितात ते हेच. तुमच्या सेप्टिक टँकमध्ये जे जिवाणू रात्रंदिवस तुमची घाण खात बसले आहेत, ते याने मरतील. घाण मग तशीच राहील, फक्त वास येणार नाही काही दिवस.”

हे ऐकून आम्ही थोडे चकितच झालो. सेप्टिक टँकमध्ये कोणी राबत असते आणि त्याला मारू नये, हा विचार आमच्या मनास कधी शिवला नव्हता. आपल्या भाषेत या जागेला किती नावे आहेत पाहा: शौचकूप, संडास, परसाकडे, बाहेरचे, आणि जुन्या लोकांच्या तोंडचा शेतखाना. त्या शेतखान्यात शेत नाही. फारसीतील ‘सेहत’ म्हणजे आरोग्य, त्या आरोग्याचे घर. नाव इतके गोमटे, पण त्याच्या पुढे काय होते हे सांगणारा शब्द आम्ही घरात कधी वापरलाच नाही.

गंमत अशी की याच प्रश्नाचे उत्तर आमच्याच शहरात शोधले गेले आहे, आणि तेही चालत्या घरासाठी. येथील संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना, म्हणजे लोक जिला डी.आर.डी.ई. म्हणतात, तिचे मूळ १९४७ सालच्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत आहे. १९७३ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाते. सियाचीन आणि लडाखच्या थंडीत मैला कुजत नाही. जिवाणूंचे काम थंडीत मंदावते, आणि जवानांच्या तळाभोवती बर्फात ती घाण वर्षानुवर्षे तशीच पडून राहते. तेथे काम करू शकतील असे, थंडी सोसणारे जिवाणू या प्रयोगशाळेने गोळा केले, वाढविले आणि त्यांच्यासाठी एक टाकी बनविली. टाकीत हवेला वाव नाही. आतील पडद्यांमुळे मैल्याला एका कप्प्यातून दुसऱ्यात रेंगाळत जावे लागते. वाटेत जिवाणूंचा एक वर्ग त्याचे विघटन करतो, दुसरा त्याची आम्ले बनवितो, शेवटचा त्यांचे मिथेन वायूत रूपांतर करतो. उरते ते पाणी. तेही जंतुनाशक औषध मिसळून बाहेर सोडावयाचे.

हीच टाकी मग रेल्वेच्या डब्याखाली बसली. रेल्वे आणि संरक्षण संशोधन संस्था यांच्यात करार झाला, आणि जानेवारी २०११ मध्ये अशी शौचालये घेऊन जी गाडी प्रथम धावली ती ग्वाल्हेर–वाराणसी बुंदेलखंड एक्सप्रेस! आत्याबाई ज्या काशीला कोरड्या घशाने गेल्या, त्याच काशीची गाडी. हे आम्ही त्यांना सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “सदतीस वर्षं उशीर केलान.”

उशीर तर खराच. १९०९ साली ओखिल चंद्र सेन नामक बंगाली गृहस्थांनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीस एक तक्रारपत्र लिहिले होते. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे. फणस जास्त झाला, अहमदपूर स्थानकावर ते उतरून आडोशाला गेले, गार्डाने शिटी फुंकली, आणि एका हाती लोटा व दुसऱ्या हाती धोतर धरून धावताना ते फलाटावर सर्वांसमक्ष पडले, असा त्यातील मजकूर. या पत्रामुळेच खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले असे सांगतात. आपण ते पत्र वाचून हसतो. पण इंग्रजी मोडकेतोडके असले तरी त्या गृहस्थांचा राग अस्सल होता. तथापि त्यानंतर जे संडास आले ते खाली उघडे. भोक आणि त्याखाली धावती जमीन. गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये, ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे आणि पुष्कळांनी मोडली आहे. स्थानकाच्या रुळांवर जे पडे ते झाडू आणि पाण्याचा पाइप घेऊन काढणारी माणसे आपण फलाटावरून पाहिली आहेत. म्हणजे खरे सांगायचे तर पाहिली नाहीत. तिकडे पाठ करून उभे राहिलो.

आता मोटारघराकडे परत येऊ, कारण आमची खरी फजिती तेथेच झाली.

भरलेली पेटी आधी रिकामी करावयाची होती. सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरवाल्यास बोलाविले. वीस लिटरांसाठी एवढा मोठा टँकर आणल्याबद्दल तो पोट धरून हसला आणि पैसे मात्र पूर्ण फेरीचे घेतले. ठीकच. मग जुना सांगाडा उखडून काढायचा होता: चार बोल्ट, एक पाण्याची नळी, एक विजेची तार आणि कडेचे चिकटवण. हजिऱ्याकडील एका मिस्त्रीस आम्ही बोलावून आणले. त्याने पडदा बाजूला केला, आत पाहिले, आणि दोन पावले मागे आला. “बाबूजी, ये हमारा काम नहीं,” तो म्हणाला. नवे बसवायचे असेल तर बसवून देईन, पण जुने निघाल्यावर. आणि ते काढायला कोणास बोलवावे हे त्याने हाताच्या इशाऱ्यानेच सुचविले, शब्द उच्चारला नाही. तो शब्द आम्हांसही उच्चारावा लागला नाही. दोघांनाही कळले.

त्या इशाऱ्याने आम्ही एकदम लष्करातील आमच्या आजोबांच्या वाड्यात जाऊन पडलो. वाड्याला पुढे मोठा दरवाजा, आणि मागे एक बोळ. त्या बोळातून रोज सकाळी एक बाई येई. भिंतीतील लहानसा पत्रा उचलून खालचे टोपले ओढी, ते आपल्या पाटीत रिते करी आणि पाटी डोक्यावर घेऊन निघून जाई. सणासुदीला आजी तिला वरून पोळी टाकीत असे. देत नसे, टाकी. पावसाळ्यात पाटी गळे. आम्ही बारा-तेरा वर्षे रोज तो पत्र्याचा आवाज ऐकला. आज आत्याबाईंना विचारले, “तिचे नाव काय होते हो?” आत्याबाई बराच वेळ आठवीत राहिल्या. घरच्या गाईचे नाव त्यांना आठवते, टांगेवाल्याचे आठवते, भाजीवालीच्या नातवाचे आठवते. या बाईचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

आम्ही उघडच सांगतो, आमचे वय सत्तर उलटून गेले आहे आणि त्या दिवसापर्यंत आम्ही परक्याचे सोडाच, स्वतःच्या घरचेही हे काम कधी हाताने केले नव्हते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनी अन्न सोडले होते, त्यांच्यासाठी गांधीजींनीही उपास आरंभिला होता, हे आम्ही शाळेपासून वाचीत आलो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत आणि गॅस करण्याचे प्रयोग केले, संडासाचे सोपे नमुने बनविले. पुढे देहू गावी डॉ. मापुसकर नावाचे सरकारी वैद्य गेले आणि त्यांनी गावाच्या संडासांना गॅसचे संयंत्र जोडले; २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या थोर माणसांविषयी याच पानावर आम्ही गौरवाने लिहिले आहे. लिहिणे सोपे असते.

भाचा हातमोजे घालून आत शिरला. जागा एका माणसापुरती, पण मागचे दोन बोल्ट धरून ठेवल्याशिवाय निघेनात. तेव्हा आम्ही धोतराचा काचा मारला आणि बाहेरील कप्प्यातून हात घालून पाना धरला. हात कोपरापर्यंत आत. उन्हाने तापलेला पत्रा, तो वास, आणि डोक्यावर मोहल्ल्याची पोरे. सौभाग्यवतींनी दारातून पाहिले आणि त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या; परंतु पाच मिनिटांनी बादलीभर पाणी आणि साबण घेऊन परत आल्या व तेथेच उभ्या राहिल्या. तासाभरात सांगाडा बाहेर आला. मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा पीत बसला होता. त्याने आमच्याकडे असे पाहिले की त्यास राग म्हणावा की लाज, हे अजून ठरविता आलेले नाही.

नवा शौचकूप वेगळ्या जातीचा आहे (जात हा शब्द येथे कसा आपोआप आला पाहा). पुण्याहून त्याचे बसावयाचे पात्र पार्सलने आले, त्यात चार दिवस गेले. या पात्रात पुढील बाजूस एक वाट असते. तीतून मूत्र वेगळ्या बाटलीत जाते, आणि घन भाग मागच्या बादलीत. दोन्ही एकत्र सडली की अमोनियाचा उग्र दर्प सुटतो. वेगळी ठेवली की फारसा येत नाही. बादलीत निळे औषध नको, काथ्याचा भुगा टाकावयाचा. तो ओलावा शोषून घेतो. भुगा रोपवाटिकेत विटांच्या आकाराचा मिळतो, पाण्यात भिजविला की फुलतो. बादलीतील भाग कुजवून त्याचे खत होते, मात्र त्यास पुष्कळ महिने द्यावे लागतात, आणि घाईने तो भाजीच्या वाफ्यात टाकू नये. लाकडाची पेटी किला गेटच्याच सुताराने बनविली. ती बसवायला मात्र मिस्त्री आपण होऊन आला, आणि पैसे घेताना त्याने पन्नास रुपये कमी घेतले.

हे सगळे होईतो आमचे स्नेही रोज संध्याकाळी येऊन बसत आणि रेल्वेच्या टाक्यांची पुढील हकीकत सांगत. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने रेल्वेच्या सुरक्षिततेवर अहवाल दिला, त्यात उघड्या संडासांमुळे रूळ आणि डब्यांखालील यंत्रे खराब होतात व तेथे काम करणाऱ्यांचे हाल होतात, हेही सांगितले. (काकोडकरांचा जन्म बडवानीचा, म्हणजे आमच्या मध्य प्रदेशचाच. एवढा अभिमान आम्हांस क्षम्य असावा.) हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा रुळांवरील मैल्याचा नाव घेऊन उल्लेख करतो. मार्च २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेस ही प्रथा ठरावीक मुदतीत संपवावी असे बजावले. आणि २०२१ पर्यंत सुमारे ७३ हजार डब्यांत अडीच लाखांहून अधिक जैव शौचालये बसली.

काम मोठे झाले यात शंका नाही. पण महालेखापरीक्षकांचा २०१७ चा अहवाल वाचला तर मान खाली जाते. तपासलेल्या सुमारे २५ हजार शौचालयांत २०१६-१७ या एका वर्षात जवळजवळ दोन लाख बिघाड. त्यांपैकी एक लाखाहून अधिक वेळा ती तुंबलेली होती. कशाने? बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, चहाचे पेले, मुलांचे लंगोट. जिवाणू मैला खातात, प्लॅस्टिक खात नाहीत. मद्रासच्या आय.आय.टी.तील अभ्यासकांनी तर टाकीतून बाहेर पडणारे पाणी कच्च्या सांडपाण्याहून फारसे बरे नाही असाही निष्कर्ष काढला. त्यावर वाद आहे, आणि त्यात न्याय देण्याइतके आमचे ज्ञान नाही. आम्ही स्नेह्यांना इतकेच विचारले, की टाकी तुंबली म्हणजे काय करतात? ते म्हणाले, “आगारात नेऊन उघडतात.” कोण उघडतो, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही पुढे विचारले नाही. त्या एक लाख वेळांतील प्रत्येक वेळी कोणीतरी कोपरापर्यंत हात घातला असणार. आमच्या हाताला चार दिवस वास येत होता. निदान आम्हांस तसे वाटत होते.

लष्कर या नावाचाच अर्थ छावणी. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची फिरती छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी कायमची विसावली आणि तिचे शहर झाले. तत्पूर्वी ती हजारो माणसे तंबूंतून राहत आणि जागा घाण झाली की पुढे सरकत. मोटारघराच्या मालकांचा मार्गही बहुधा तोच असतो. नदीकाठी, घाटात, रात्री कोणी नसताना पेटी ओतायची आणि सकाळी पुढचे गाव. भाच्याने गेल्या वर्षी एकदा तसे केले होते, हे त्याने आम्हांस त्या चार दिवसांत, पाना हातात असताना, मान वर न करता सांगितले.

निघण्याच्या सकाळी आत्याबाईंनी हट्ट धरला की मथुरेपर्यंत आपणही जाणार. तेथे त्यांच्या दिराचे कुटुंब असते. ताईंनी त्यांना हात देऊन चढविले. चढण्यापूर्वी आत्याबाईंनी तांब्या मागवून घेतला आणि सर्वांसमक्ष, उभ्यानेच, तो रिकामा केला. मग आत जाऊन पडदा सारून पाहिला, भुग्याचा डबा झाकून ठेवला, आणि भाच्यास विचारले, “बादली कुठे ओतणार?” भाचा म्हणाला, “हरिद्वारला ओळखीच्यांची बाग आहे, आत्याआजी. खड्डा खणून ठेवायला सांगितलंय. आणि बादली मीच नेणार.” त्या “बरं” म्हणाल्या.

जुना सांगाडा आमच्या अंगणात मागच्या दाराशी पडून राहिला. कबाडी दोनदा आला, पाहून गेला. तिसऱ्या वेळी आम्ही तो स्वतःच घासून धुतला, उन्हात वाळविला आणि त्याच्या हातगाडीवर नेऊन ठेवला. त्याने तराजूवर चढविला आणि प्लॅस्टिकच्या भावाने सत्तर रुपये दिले. त्यास आम्ही नाव विचारले. “क्यों, बाबूजी?” तो म्हणाला, जरा घाबरूनच; मग सांगितले.